उद्यमनगरातलं पीएलसी सर्व्हिस वर्कशॉप: कार्ड विकायच्या आधी सेटिंग बघणारी माणसं

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच, आधी कामाचं बोलू.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्स बघतो. कोल्हापुरात पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पॅनेलमधल्या छोट्या कॉम्प्युटरचं, काम करणाऱ्यांना तोटा नाही, शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, कागलची पंचतारांकित घ्या, कुठंही एक दगड मारला तर पॅनेलवाल्यालाच लागंल अशी परिस्थिती. पण त्यातल्या निम्म्या लोकांची पद्धत एकच, दारातनं आत आले, पॅनेलचं दार उघडलं, लाल लाइट बघितला की लॅपटॉप बॅगेतनं काढायच्या आधीच "कार्ड गेलंय साहेब" म्हणून मोकळे. मग नवीन कार्डाचं (पीएलसीला जोडायच्या सिग्नलच्या मॉड्यूलचं) कोटेशन, मग ते यायला वेळ, तोवर लाइन बंद नाहीतर हातानं चालवा. शिवाजी उद्यमनगरातलं हे वर्कशॉप वेगळं वाटलं ते ह्याच एका गोष्टीसाठी, हे लोक आधी हार्डवेअर कॉन्फिगरेशन, म्हणजे कुठलं कार्ड कसं सेट केलंय त्याची यादी, उघडतात, त्यातली एकेक ओळ प्रत्यक्ष पॅनेलशी ताडून बघतात आणि मगच तोंड उघडतात.

आमचं प्रकरण सँड प्लँटचं होतं. ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मोल्ड फोडल्यावर जी गरम वाळू परत येते ती मिक्सरमध्ये जाते, तिथं बेंटोनाइट आणि पाणी मिळून ती परत साच्याच्या लायकीची होते. पाणी किती टाकायचं हे पीएलसी ठरवतं, वाळूचं वजन आणि वाळूचं टेंपरेचर बघून. वाळू जास्त गरम असली की पाणी जास्त, कारण त्यातलं काही वाफ होऊन जाणार. आमच्याकडं सिमेन्सचा एस७-१२०० आहे, १२१४सी, त्याच्या उजव्या बाजूला चार चॅनेलचं ॲनालॉग इनपुट कार्ड, त्यावर टेंपरेचरचा ट्रान्समीटर, ४-२० मिलिअँपचा, रेंज ० ते १५० डिग्री (म्हणजे ० डिग्रीला ४ मिलिअँप करंट, १५० ला २०).

तर झालं असं की नवीन कन्व्हेअरसाठी बाहेरच्या एका पार्टीनं एक आउटपुट कार्ड वाढवून दिलं आणि त्यानंतर सकाळच्या पहिल्या काही बॅचेस ओल्या यायला लागल्या. आमचे मिक्सरवरचे आबा, चाळीस वर्षं वाळूत हात घालणारा माणूस, मुठीत वाळू दाबायचे, मूठ उघडायचे आणि बोटांना चिकटलेली वाळू दाखवून म्हणायचे, "ओली हाय रं ही, तुझं मशीन काय बी म्हणू दे." स्क्रीनवर सगळं हिरवं, एक अलार्म नाही. कास्टिंगला ब्लो होल (वायूची भोकं), रिजेक्शनचा ढीग वाढत चाललेला आणि क्वालिटीवाले आमच्या नावानं शंख करत होते. गंमत म्हणजे दुपारी वाळू तापली की प्रकार बराच कमी व्हायचा, त्यामुळं कुणी म्हणायचं थंडीमुळं होतंय, कुणी म्हणायचं बेंटोनाइटचा लॉट खराब.

त्या बाहेरच्या पार्टीनं आधी ट्रान्समीटर बदलायला लावला. नवीन ट्रान्समीटर, तेच रीडिंग. मग म्हणाले, मग कार्डच गेलंय. शेवटी ओळखीतल्या एकानं ह्या वर्कशॉपचा नंबर दिला.

साइटवर आली ती त्यांच्याकडची एक इंजिनिअर पोरगी, वय असेल पंचविशीच्या आतबाहेर. आबांनी तिला बघून आधी माझ्याकडं बघितलं, म्हणजे काय ते समजून घ्या. तिनं आल्या आल्या काहीच उघडलं नाही, आबांनाच विचारलं, "आबा, कुठल्या वेळेला जास्त ओली लागती?" आबांनी सगळं रामायण सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलं. मग ट्रान्समीटरच्या वायरी सोडवल्या, तिथं लूप कॅलिब्रेटर, म्हणजे हवा तेवढा करंट सोडणारं यंत्र, जोडला आणि मला म्हणाली, "दादा, डिग्री नका सांगू, कार्डाचा कच्चा आकडा सांगा." मी लॅपटॉपवर वॉच टेबल (पीएलसीतले चालू आकडे दाखवणारा तक्ता) बघत बसलो. तिनं ४ मिलिअँप सोडला, आकडा ५५३०. १२ सोडला, १६५८९. २० सोडला, २७६४८. ती हसली आणि म्हणाली, "कार्ड एकदम टणटणीत आहे."

आता ह्यात काय दिसलं ते सांगतो, कारण ज्यांच्याकडं असला प्रॉब्लेम येईल त्यांना उपयोग होईल. सिमेन्सच्या ॲनालॉग कार्डात पूर्ण रेंज म्हणजे ० ते २७६४८. चॅनेल ४-२० ला सेट असंल तर ४ मिलिअँपला ० यायला पाहिजे, १२ ला बरोबर निम्मं म्हणजे १३८२४, आणि २० ला २७६४८. आमच्या इथं ४ ला ५५३० येत होतं, म्हणजे २७६४८ चा पाचवा हिस्सा, म्हणजे कार्ड स्वतःला ०-२० चं समजत होतं. वीसला दोन्ही सेटिंगमध्ये आकडा एकच येतो, म्हणून वरच्या टोकाला सगळं बरोबर वाटतं आणि खाली जाईल तशी चूक वाढत जाते. तिनं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, वाळू खरी ४० डिग्री असली की स्क्रीनवर ६२ दिसणार, आणि सकाळची २५ ची गार वाळू थेट ५०. पीएलसी बिचारं ५० ची वाळू समजून त्या हिशोबानं पाणी ओतायचं. दुपारी का सुधारायचं त्याचं उत्तर पण ह्यातच. आबा बरोबर होते, बेंटोनाइटवाला उगाच शिव्या खात होता.

आणि ह्याचा अजून एक तोटा जो मला आधी लक्षात आला नसता, ४-२० मध्ये वायर तुटली की करंट चारच्या बराच खाली जातो आणि कार्ड वायर ब्रेक म्हणून ओरडू शकतं, ०-२० मध्ये शून्य हे पण खरं रीडिंग धरलं जातं त्यामुळं वायर तुटली तरी ते गपगुमान शून्य डिग्री दाखवत बसणार. म्हणजे सेटिंग बदललं तेव्हा आमचा एक पहारेकरी पण गेला होता, कुणाला न सांगता.

मग हे सेटिंग बदललं कसं? हा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. तिनं पीएलसीतलं सगळं प्रोजेक्ट आधी लॅपटॉपवर अपलोड करून घेतलं, हार्डवेअरसकट, नवीन स्टेशन म्हणून, आणि ते आमच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलशी कंपेअर केलं. प्लँट बसवताना पहिला ट्रान्समीटर ०-२० चा होता, पुढं कधीतरी तो बदलून ४-२० चा लावला, तेव्हा ज्यानं सेटिंग बदललं त्यानं ते पीएलसीत बदललं पण फाइल आपल्या लॅपटॉपवर घेऊन गेला, कंपनीत जुनीच राहिली. आता कन्व्हेअरवाल्यांनी तीच जुनी फाइल घेतली, त्यात नवीन आउटपुट कार्ड ओढून टाकलं आणि डाउनलोड मारला, म्हणजे लॅपटॉपवरनं पीएलसीत टाकली. कन्व्हेअर झकास चालला आणि टेंपरेचरचं सेटिंग गुपचूप जुन्या काळात गेलं. एस७-१२०० मध्ये हार्डवेअर कॉन्फिगरेशन जातं ते त्या स्टेशनचं सगळंच्या सगळं जातं, फक्त नवीन कार्डापुरतं नाही, हे ज्याला माहीत नाही त्यानं त्या बटणाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत झालंय.

डाउनलोड करायची त्यांची पद्धत पण आवडली. हार्डवेअरचं डाउनलोड म्हणजे सीपीयू (पीएलसीचा मेंदू) स्टॉपला जाणार, आउटपुट सगळे पडणार. मिक्सर भरलेला असताना तो पडला तर आतली वाळू बसते आणि परत चालू करताना मोटर ट्रिप होते, मग फावड्यानं उपसा. तिनं स्वतःहून विचारलं मिक्सर कधी रिकामा असतो, शिफ्ट बदलायची वेळ धरली, फर्नेसवाल्यांना सांगून हीट थोडी मागं घ्यायला लावली, आबांनी मिक्सर रिकामा केल्याचं डोळ्यांनी बघितलं आणि मग बटण दाबलं. परत ४, १२, २० सोडून तिन्ही आकडे बघितले, वहीत लिहिले, माझी सही घेतली. नवीन ट्रान्समीटरचे आमचे पैसे गेले ते गेलेच.

जाता जाता तिनं वजनाच्या चॅनेलचं पण एक काढलं. लोडसेलचं (वजन मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग नाचतंय म्हणून कुणीतरी त्या चॅनेलचं स्मूदिंग "स्ट्राँग" करून ठेवलेलं. स्ट्राँग म्हणजे ३२ सॅम्पलचं ॲव्हरेज, आकडा दिसतो एकदम शांत, पण खऱ्या वजनाच्या मागं मागं चालतो, त्यामुळं बेंटोनाइटचं गेट उशिरा बंद व्हायचं आणि प्रत्येक बॅचला थोडं जास्त पडायचं. तिनं ते कमी केलं आणि नाचण्याचं मूळ शोधलं, तर लोडसेलच्या केबलचं शील्ड अर्थच केलेलं नव्हतं, पॅनेलमध्ये टेप गुंडाळून सोडलेलं, आणि केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) पॉवर केबलच्याच ट्रेमधनं आलेली. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवायचा तसला प्रकार. ५० हर्ट्झचं नॉइज सप्रेशन, म्हणजे मेन्सच्या विजेचा गोंगाट गाळायचं सेटिंग, मात्र जागेवर होतं, त्याला तिनं हात लावला नाही.

ह्यानंतर मी ह्यांच्याकडं बारीकसारीक कामं टाकत गेलो. त्यातलं एक सांगण्यासारखं म्हणजे प्रोफिनेटवरचा, म्हणजे पीएलसीच्या नेटवर्कवरचा, ड्राइव्ह. रात्रपाळीत ड्राइव्ह जळला, स्टोअरमध्ये सेम मॉडेल होतं, पोरांनी बसवलं, केबल तीच, पॅरामीटर टाकले, आयपी पण हातानं तोच टाकला, तरी सीपीयूचा एरर लाइट लाल मिचमिचतोय आणि ड्राइव्ह काय जाळ्यात येईना. पोरांनी केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, सगळं झालं. सकाळी ह्यांना फोन लावला तर मालकांनी फोनवरच विचारलं, "डिव्हाइस नेम दिलंय का?" नव्हतं दिलं. प्रोफिनेटमध्ये कंट्रोलर आयपी शोधत नाही, तो नावानं हाक मारतो, ज्या डिव्हाइसनं ओ दिली त्याला स्वतःच आयपी देतो. कोऱ्या ड्राइव्हला नावच नाही तर ओ कोण देणार. लॅपटॉप लावून प्रोजेक्टमधलं नाव जसंच्या तसं दिलं, स्पेस किंवा अंडरस्कोअर न घालता, लगेच हिरवं. ह्या फोनचे त्यांनी पैसे घेतले नाहीत हे लिहिलंच पाहिजे. टोपोलॉजी, म्हणजे कुठल्या पोर्टला कोण जोडलंय ते, प्रोजेक्टमध्ये नीट भरलेलं असलं तर शेजाऱ्यावरनं ओळखून नवीन डिव्हाइसला नाव आपोआप पण मिळू शकतं, ते त्यांनी नंतर आमच्याकडं करून दिलं. आता रात्रपाळीला लॅपटॉपवाला माणूस उठवावा लागत नाही.

वर्कशॉपमधलं काउंटर पण बरं आहे. स्पेअर घ्यायला गेलात तर नुसतं "१२१४ द्या" म्हणून चालत नाही, हे लोक जुन्या सीपीयूच्या अंगावरच्या लेबलचा फोटो मागतात. एकाच १२१४सी मध्ये ट्रान्झिस्टर आउटपुटचा वेगळा, रिले आउटपुटचा वेगळा, एसी सप्लायचा वेगळा, ऑर्डर नंबरात एखाद्या अक्षराचा फरक आणि प्रोजेक्ट मात्र बरोबर त्या अक्षरासाठी अडून बसतं. फर्मवेअर, म्हणजे सीपीयूतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, पण विचारतात. प्रोजेक्ट ४.२ साठी केलेलं आणि शेल्फवरचा सीपीयू ४.१ चा, तर डाउनलोड होणार नाही, आणि हे रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा काउंटरवर कळलेलं बरं. मी बघितलंय, एका गिऱ्हाइकाला त्यांनी हातातलं विकायचं टाळलं आणि फर्मवेअर अपडेट करूनच उद्या न्या म्हणून सांगितलं. दुसरा कुणी असता तर डबा हातात देऊन मोकळा झाला असता.

अजून एक सवय चांगली. पिवळा मेंटेनन्सचा लाइट लागलाय म्हणून सांगितलं की हे पहिला प्रश्न फोर्सचा, म्हणजे एखादा सिग्नल हातानं कायम चालू किंवा बंद धरून ठेवलाय का ह्याचा, विचारतात. कुणीतरी टेस्टिंगला एखादा इनपुट फोर्स करून ठेवतो, लॅपटॉप बंद करून घरी जातो, आणि त्याला वाटतं फोर्स पण गेला. एस७-१२०० मध्ये फोर्स सीपीयूतच राहतो, पॉवर बंद-चालू केलं तरी राहतो, मुद्दाम काढेपर्यंत. गार्डचा लिमिट स्विच असा फोर्स करून ठेवलेला सापडला तर काय होऊ शकतं ते मेंटेनन्सवाल्यांना सांगायला नको.

डायग्नॉस्टिक बफर, म्हणजे सीपीयूची घटनांची नोंदवही, वाचायला पण इथंच शिकलो. सीपीयू आत ५० नोंदी ठेवतो, वेळेसकट, पण घड्याळच चुकीचं असलं तर त्या वेळेला काय अर्थ. ह्या सीपीयूत बॅटरी नाही, सुपर कपॅसिटर आहे, लाइट गेल्यावर साधारण २० दिवस घड्याळ धरतो, म्हणजे लांबलचक शटडाउन झाला की वेळ उडाली. हे लोक आल्यावर आधी घड्याळ बघतात, मग बफर वाचतात, आणि हात लावायच्या आधी बफर फाइलमध्ये सेव्ह करून घेतात. आणि एक सांगतात ते लक्षात ठेवा, ऑफ-ऑन करून बघू ही आपली सवय इथं नडते, कारण पॉवर गेली की बफरमधल्या शेवटच्या थोड्याच नोंदी शिल्लक राहतात, बाकीचा पुरावा आपल्याच हातानं पुसला जातो.

आता तक्रारी. पहिली, फोन. मालक फोनवर भेटले तर नशीब तुमचं, साइटवर असले की उचलतच नाहीत आणि मेसेजचं उत्तर रात्री. आमच्यासारख्या तिन्ही पाळ्या चालणाऱ्या ठिकाणी हे लई त्रासाचं होतं. रात्रीची व्हिजिट तर नाहीच, सरळ नाही म्हणतात. दुसरी, बिल. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर आधी आकडा देतात आणि जीएसटीचं बिल मागं लागून लागून घ्यावं लागतं, आमचे अकाउंटवाले मलाच बोलतात. व्हिजिट चार्ज पण बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, काही निघो न निघो द्यावाच लागतो. माझं म्हणणं, सँड प्लँटचं त्यांचं सगळं बिल नवीन कार्डाच्या किमतीपेक्षा खालीच बसलं, त्यामुळं मला चालतं, पण छोट्या वर्कशॉपवाल्याला जड जाईल.

तिसरी तक्रार नाही म्हणता येणार पण माहिती असू द्या. कुणाच्या तरी पासवर्ड लावलेल्या प्रोजेक्टचा पासवर्ड तोडून द्या म्हणून गेलात तर दारातनंच परत पाठवतात. माझ्यासमोर एकाला सांगितलं, "ज्यानं पॅनेल दिलंय त्याच्याकडनं मागून घ्या, पैसे दिलेत ना तुम्ही." त्यो भाऊ चिडून गेला. मला ते पटलं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅनेल घेतानाच ऑर्डरमध्ये सोर्स फाइल आणि पासवर्ड लिहून घ्या, नंतर भांडण्यात अर्थ नाही. आमच्या नवीन प्रत्येक परचेस ऑर्डरवर आता ती ओळ आहे.

मॉडबसची (एका लाइनवर बरेच मीटर जोडायच्या पद्धतीची) कामं पण करतात, गोकुळ शिरगावातल्या आमच्या एका पाहुण्यांच्या कारखान्यात एनर्जी मीटर एकेक करून गायब व्हायचे, तिथं कुणीतरी प्रत्येक मीटरवर १२० ओमचा रेझिस्टर लावून ठेवलेला, तो लाइनच्या फक्त दोन टोकांना लागतो, मधले काढले आणि दोन मीटरना एकच स्लेव्ह आयडी (लाइनवरचा मीटरचा नंबर) होता तो बदलला, काम खलास. ह्यात मी नव्हतो, पाहुण्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं.

कुणाला जायचं असंल तर जाताना एवढं करा, पॅनेल चालू असतानाच सगळ्या लाइटचा व्हिडिओ काढा, प्रत्येक कार्डाच्या लेबलचा फोटो काढा, असंल ती शेवटची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, आणि शेवटी कुणी काय बदललं ते खरं खरं सांगा. "कुणीच काय केलं नाही" म्हटलं की ती इंजिनिअर पोरगी नुसती बघत राहते आणि अपलोड लावते, मग सगळं निघतंच. शटर साडेनऊ-दहाच्या सुमारास उघडतं, दुपारी जेवायच्या वेळेला जाऊ नका. गल्ली अरुंद आहे, कास्टिंगचे टेम्पो उभे असतात, चारचाकी बाहेर रोडलाच लावा.